पुरण कोण घालणार?

"महालक्ष्मी आली! कशाच्या पावलांनी आली?" उंबऱ्याच्या आतून आत्याबाईंनी विचारलं.

"सोन्या-रुप्याच्या पावलांनी आली," मी म्हणाले आणि ज्येष्ठेचा मुखवटा छातीशी धरून रांगोळीच्या पुढच्या पावलावर पाय ठेवला. माझ्यामागून कनिष्ठेचा मुखवटा घेऊन माझी धाकटी जाऊ पल्लवी येत होती. पुढं माझी लेक रेवा पळीनं थाळी वाजवत चालली होती. तेरा वर्षांची पोर, नवं परकर-पोलकं, कपाळावर कुंकू. थाळी एकाएकी थांबली. रेवानं वळून माझ्याकडं बघितलं, तिचे ओठ पांढरेफटक पडले होते, आणि काही कळायच्या आत ती उंबऱ्याशीच खाली बसली आणि रांगोळीच्या ताज्या पावलांवर भडाभडा ओकली.

परभणीच्या वसमत रोडवरच्या आमच्या घरातली ही गोष्ट. वीस वर्षं होत आली, पण अजून सांगताना माझा आवाज चढतो.

"पित्त झालंय, दुसरं काही नाही," माझा नवरा मुकुंद म्हणाला. त्याला कुठल्याही गोष्टीचं पित्तच दिसायचं. "सणाची दगदग. लिंबू-सरबत द्या तिला. सुमेधा, तू मुखवटा ठेव आधी जागेवर, मुहूर्त टळायलाय."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या मराठवाड्यात सासूला आत्याबाई म्हणतात. त्या गुडघ्यावर हात टेकत पुढं आल्या, ओल्या फडक्यानं उंबरा पुसायला लागल्या. मी मुखवटा मखरात ठेवला, हळदीकुंकू वाहिलं, भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवला आणि मगच आतल्या खोलीत लेकीकडं गेले. आधी देवी, मग लेक. हे कुणी सांगावं लागत नाही, पाय आपोआप तिकडं वळतात, आणि त्याचीच मला त्या क्षणी पहिली चीड आली.

रेवा उशीत डोकं खुपसून पडली होती.

"कधीपासून होतंय असं?"

"तीन-चार दिवस झाले. डोकं फुटतंय, आई. छातीत पण दुखतंय. त्या गोळ्यांनीच होतंय, मला माहितीये. म्हणून कालपासून मी घेतल्याच नाहीत."

"कसल्या गोळ्या?"

"व्हिटॅमिनच्या. आजीच्या." तिनं दप्तरातल्या कंपासपेटीतून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "बाबांनी दिलं. म्हणाले, आजीनं आणल्यात तुझ्यासाठी, सणात ताकद राहावी म्हणून. आईला सांगू नको म्हणाले, ती आजीशी भांडत बसेल."

पाकीट उलटं करून बघायचीसुद्धा गरज नव्हती. तसलंच एक पाकीट स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीमागं होतं. माझं. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या लेकीची पाळी सुरू होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. अजून तिला तारखेचा नीट अंदाज येत नव्हता. आणि तिला फसवून ह्या गोळ्या!

मला स्वतःला त्या गोळ्या पाठ झाल्या होत्या. लग्नानंतरच्या पहिल्याच महालक्ष्म्यांना, सणाच्या आठवडाभर आधी, मुकुंदानं पाकीट माझ्या हातावर ठेवलं होतं. नजर दुसरीकडं. "आईनं सांगितलंय. आपल्याकडं फार कडक असतं. तिला विचारू-बिचारू नकोस, तिला अशा विषयाचा संकोच वाटतो." मी शाळेत शास्त्र शिकवणारी बाई, पण नवी सून. मुकाट्यानं गोळी गिळली. मग दर वर्षी गिळली. महालक्ष्म्यांना, दिवाळीला, एकदा तर एकाच महिन्यात दोन्हीकडच्या लग्नांना. पायावर सूज यायची, डोकं ठणकायचं, आणि सण संपला की मग जे काही अंगावर जायचं ते बाथरूमच्या भिंतींना माहीत. त्या सुजलेल्या पायांनीच चाळीस पानं वाढायची. सोळा भाज्या चिरायच्या, आंबील, कढी, फुलोऱ्याच्या करंज्या, पुरणावरणाचा स्वयंपाक. आणि तोंड जरा आंबट दिसलं की मुकुंद म्हणायचा, "सण आहे, आनंदानं करावं माणसानं. आनंदानं केलं की थकवा येत नाही."

त्या वर्षी तर त्यानं कमालच केली होती. आदल्या दिवशी मी शेपू निवडत होते आणि हा खुर्चीत बसून पेपरची पुरवणी मोठ्यानं वाचत होता. सणासुदीचा ताण कसा घालवाल. "ऐक, सुमेधा. दीर्घ श्वास घ्या. स्वतःसाठी वेळ काढा. कामं वाटून घ्या. किती छान लिहिलंय नाही?" आणि पान उलटून म्हणाला, "चहा होतोय का?"

पण सगळा राग मी आत्याबाईंवर काढत आले होते. मनातल्या मनात, अर्थातच. मूग गिळून. त्या कधी म्हणायच्या, "बरंय बाई तुझं, गोळी घेतलीस की सुटलीस," तर मला वाटायचं, टोमणाच मारला. चौदा-पंधरा वर्षं एका चुलीवर दोघी जेवत होतो आणि ह्या विषयावर त्यापलीकडं एकीनंही तोंड उघडलं नव्हतं. त्यांना संकोच वाटतो ना!

ते पाकीट मुठीत धरून मी बाहेर आले.

आत्याबाई मखरासमोर पाटावर बसून कनिष्ठेच्या साडीच्या निऱ्या घालत होत्या. पल्लवी त्यांना टाचण्या देत होती. ती पुण्याहून आदल्या संध्याकाळी आली होती, तिच्या नवऱ्यासोबत, म्हणजे माझा दीर अविनाश. दर वर्षी यायचे तसेच, दोन बॅगा आणि मिठाईचा एक बॉक्स घेऊन.

मी पाकीट त्यांच्या पुढ्यात आदळलं.

"माझं वाटोळं केलंत ते केलंत. माझ्या लेकराच्या पोटात हे विष कशाला घातलंत?"

पल्लवीच्या हातातल्या टाचण्या खाली सांडल्या. आत्याबाईंनी पाकीट उचललं, चष्मा वर-खाली केला.

"काय हाय हे?"

"कानावर हात ठेवू नका. गोळ्या आहेत, माझ्या असतात तसल्या. तेरा वर्षांच्या पोरीला व्हिटॅमिन म्हणून चारल्यात तुम्ही. का, तर उद्या पूजेत तिच्यामुळं विटाळ नको. इतकी भीती वाटते तुम्हाला त्या मखरातल्या बाईची? तीसुद्धा बाईच आहे की!"

"सुमेधा, तोंड सांभाळ," त्या म्हणाल्या. मग आवाज एकदम खाली आला. "रेवाला दिल्या? ह्या गोळ्या? कुणी?"

"तुम्ही!"

"मी कशाला देऊ? मला मेडिकलचं दुकान कुठल्या तोंडाला हाय ते ठाऊक नाही. आन् तुला तरी मी कधी दिल्या गं? तूच तर हट्टानं घेतीस."

"मी? हट्टानं?"

"मुकुंदानं सांगितलं ना मला, तुझ्या पहिल्याच सणाला. म्हणला, आई, तिला बाजूला बसायचं आवडत नाही, शिकलेली हाय, ती गोळी घेणार, तू काही बोलू नकोस. तिला राग येतो म्हणला. मी गप बसले. मला वाटलं, बरंय, आजकालच्या पोरींना गोळी तरी हाय."

  इतकी वर्षं मी जिला मनातल्या मनात शिव्या घालत होते ती बाई, आणि जिला मी हट्टी, शिष्ट वाटत होते ती मी. आणि दोघींच्या मधोमध एक भला माणूस, इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं सांगत, दोन्हीकडं चांगला.

तेवढ्यात हा भला माणूस दारातून आत आला. एका खांद्यावर केळीचे खुंट, दुसऱ्या हातात भाज्यांची पिशवी, मागं अविनाश.

"पडवळ मिळालं बघा शेवटी. सोळा भाज्या पूर्ण!" तो म्हणाला. मग त्यानं आमचे चेहरे बघितले, मग आत्याबाईंच्या हातातलं पाकीट. केळीचे खुंट त्यानं हळूच भिंतीला टेकवले.

"मुकुंदा," आत्याबाई म्हणाल्या, "मी कधी सांगितलं होतं रे तुला?"

"आई, आता सणाच्या दिवशी हा विषय..."

"मी कधी सांगितलं होतं?"

"सांगितलं नव्हतंस. पण मनात होतंच ना तुझ्या. आपल्याकडं पाळतातच सगळं. मी आपलं घरात कटकट नको म्हणून..."

"आणि मी कधी म्हणाले होते तुम्हाला, की मला गोळ्या आणून द्या?" मी विचारलं.

"हे बघ, चिडू नकोस. दीर्घ..." तो थांबला. श्वास हा शब्द त्यानं गिळला, ते बरं झालं. रेवाची पळी माझ्या हाताशीच पडली होती. "मी सगळ्यांच्याच सोयीचं बघितलं. आईचे गुडघे गेलेले. पल्लवी ऐन वेळी येते, तिला आपली पद्धत माहीत नाही. तू बाजूला बसली असतीस तर पुरण कोण घालणार होतं? चाळीस माणसांचा स्वयंपाक आहे, सुमेधा. व्यवहार बघावा लागतो."

म्हणजे देवी नव्हतीच कुठं. सोवळं नव्हतं, विटाळ नव्हता, घराण्याची रीत नव्हती. पुरण होतं. इतकी वर्षं माझ्या अंगाशी खेळ चालला होता तो पुरणासाठी.

"आणि रेवा?" मी विचारलं. "रेवा घालते का पुरण?"

"तिचं अजून तारखेचं काही खरं नसतं. ऐन पूजेत काही झालं असतं, तर तू तिच्या मागं लागली असतीस. कामं तशीच राहिली असती. दुकानदार म्हणाला, काही होत नाही, सगळेच नेतात सणाला."

अविनाश घसा खाकरून म्हणाला, "दादा, हे जरा जास्तच झालं."

"तू गप रे," मुकुंद म्हणाला. "तुला काय, तू येतोस आणि जेवून जातोस."

 मी आणखी बोलले असते तर मखरापुढं काय काय निघालं असतं कोण जाणे. रेवाला स्कूटरवर मागं बसवलं आणि ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. त्यांनी तिला तपासलं, पाकीट बघितलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं असं बघितलं की मला जमीन दुभंगावी असं वाटलं. गोळ्या बंद केल्यात तर आता एक-दोन दिवसांत पाळी येईल, घाबरू नका, असं सांगून त्यांनी रेवाला हळूच विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं का बेटा, ही कसली गोळी आहे ते?" रेवानं नाही म्हणून मान हलवली. ती रडली नाही. येताना स्कूटरवर माझ्या पाठीला गाल लावून एवढंच म्हणाली, "बाबा खोटं का बोलले पण?"

त्याला माझ्याकडं उत्तर होतं, पण तेरा वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पूजा. मी सकाळी न्हाऊन सोवळ्याचं पातळ नेसले आणि स्वयंपाकघरात गेले. हो, गेले. रात्री एवढा राग उरात घेऊनसुद्धा सकाळी हात आपोआप हरभऱ्याच्या डाळीकडं गेले. सवाष्णींना आमंत्रणं गेली होती, शेजारपाजार जेवायला येणार होता, आणि महालक्ष्मी घरात येऊन उभी होती. तिला उपाशी ठेवायची हिंमत माझ्यात नव्हती. मुकुंद सकाळपासून फार प्रेमळपणे वागत होता. न सांगता त्यानं नारळ सोलून दिले होते. त्याला वाटलं, पेल्यातलं वादळ पेल्यात जिरलं.

डाळीला उकळी फुटली तेव्हा रेवा दारात येऊन उभी राहिली. आत पाऊल न टाकता.

"आई," ती म्हणाली, "आली."

मी काही बोलायच्या आत मुकुंद, जो तिथंच खोबरं खवत होता, दबक्या आवाजात म्हणाला, "शू! हळू. कुणाला बोलू नका. आजचा दिवस तिला ताप आलाय म्हणू. जा रेवा, आतल्या खोलीत पडून राहा. दार लावून घे. संध्याकाळी लोक गेले की बघू." आणि माझ्याकडं वळून, अगदी समजूतदारपणे, "तू तुझं चालू ठेव. डाळ खाली लागेल."

रेवानं मान खाली घातली आणि वळली. एखादा गुन्हा करून आल्यासारखी. ती वळलेली पाठ बघितली आणि माझ्या हातातला झारा मी परातीत टाकला. असा आवाज झाला की बाहेर फुलोरा बांधत बसलेली पल्लवी धावत आली.

"रेवा, थांब," मी म्हणाले. "मी पण येते. माझी पण आली."

मुकुंद हसला. खरंच हसला. "असं कसं? तू तर गोळ्या घेतल्यास."

"बघायचंय का?"

त्याचं हसू जागच्या जागी विरलं. ह्या एका गोष्टीत बाईचा शब्द अखेरचा असतो, तिला पुरावा मागता येत नाही. हे इतकी वर्षं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ज्या रीतीनं मला कोपऱ्यात घातलं होतं तीच माझ्या हातात होती. मी गॅसपासून दोन पावलं मागं सरले.

"मला शिवू नका," मी म्हणाले. "डाळ तुमची. सोळा भाज्या कोपऱ्यात आहेत. पडवळ सापडलंच आहे तुम्हाला."

"सुमेधा, काय तमाशा लावलायस! चाळीस माणसं येणार आहेत! पल्लवी, तू जरा डाळीकडं बघ."

पल्लवीनं माझ्याकडं बघितलं, मग रेवाकडं. ती तशी अबोल बाई, पुण्याहून आली की पाहुणीसारखी वागायची, आणि मलाही तिचा त्यासाठी रागच होता. तिनं शांतपणे खोचलेला पदर सोडला.

"माफ करा, भाऊजी," ती म्हणाली. "मला पण आत्ताच आली."

आम्ही तिघी मागच्या खोलीत जाऊन सतरंजी टाकून बसलो. रेवाचं डोकं मी मांडीवर घेतलं, पल्लवीनं तिच्या पोटाशी गरम पाण्याची पिशवी दिली. बाहेर दोघा भावांची धावपळ ऐकू येत होती. डाळ उतू गेली. अविनाश विचारत होता, दादा, हळद कुठाय, आणि मुकुंद त्याच्यावर ओरडत होता. मग त्यानं शेवटचा हुकमी पत्ता काढला. आत्याबाईंना हाक मारली.

"आई, तू सांग यांना! सोंग करायलात सगळ्या. महालक्ष्मी घरात उभी आणि हे असं. तूच ऊठ आता, तू घाल पुरण. मी हाताखाली आहे."

काठी टेकल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता ही म्हातारी आत येऊन मला देवाची शपथ घालणार, आणि मी उठणार. मला माझी खात्री नव्हती. खोटं कशाला बोला, शपथ घातली असती तर मी उठलेच असते.

आत्याबाई दारात आल्या. आम्हा तिघींकडं बघितलं. मग काठी भिंतीला लावली, एक हात चौकटीला धरून, कण्हत, त्या दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसल्या. सतरंजीच्या कडेला.

"मला पण शिवू नकोस, मुकुंदा," त्या म्हणाल्या.

"आई! तू? अगं, सत्तरी गाठली तू!"

"मग? आली म्हणते ना. बघायचंय का तुला?"

पल्लवीनं पदर तोंडात कोंबला. मुकुंद दारात उभा, हाताला पीठ, कपाळावर घाम.

"अगं पण नैवेद्याचं काय? लोकांना काय सांगू?"

"नैवेद्याला वरणभात कर. भाजी कर एक, येईल ती. महालक्ष्मी माहेराला आलेली हाय, घरच्यांचे हाल बघून ती काही रुसून जात नाही. आन् ज्यांना जेवायला बोलावलंस त्यांना फोन कर. घरातल्या चारी बायका बाजूला बसल्यात, पुरुषांच्या हातचा वरणभात हाय, चालत असंल तर या म्हणावं."

"असं कसं सांगू फोनवर?"

"तोंडानं."

तो गेला. बाहेरच्या खोलीतून नंबर फिरवल्याचा आवाज आला. "काकू, नमस्कार, मुकुंद बोलतोय. नाही, नाही, सगळं ठीक. ते जरा आज... घरात थोडं... म्हणजे बायकांचं जरा हे... ताप नाही, ते आपलं ते..."

"मोठ्यानं बोल!" आत्याबाई इथून ओरडल्या. "त्यांना कमी ऐकू येतं!"

 आणि मग माझ्या नवऱ्यानं, ज्याच्या तोंडून इतक्या वर्षांत 'ते' आणि 'हे' यापलीकडं काही निघालं नव्हतं, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पाळी, काकू! पाळी आलीय! हो, सगळ्यांना!"

रेवाला हसू फुटलं. चार दिवसांत पहिल्यांदा. मला मात्र हसू येईना. माझा राग जागचा हलला नव्हता, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरता गेलेला नाही.

हसू ओसरल्यावर रेवा आत्याबाईंकडं सरकली. तिच्या अंगाला अंग लागलं तरी त्या मागं झाल्या नाहीत.

"आजी, तू खोटं बोललीस ना? देवासमोर?"

आत्याबाईंनी तिच्या केसातून हात फिरवला.  मग दाराकडं एक नजर टाकली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हे काही नाही. लग्नाच्या दुसऱ्या साली मी ह्याच्यापेक्षा मोठं खोटं बोलले होते. ऐन महालक्ष्म्यांच्या दिवशी माझी आली. घरात दुसरी बाई नव्हती, सासरे तापट. मग मी कुणाला सांगितलंच नाही. तशीच न्हाले, तसंच पुरण घातलं, तसाच नैवेद्य दाखवला. सारा दिवस थरथर कापत होते. आता घराचं वाटोळं होणार म्हणून."

"मग?" रेवानं विचारलं. "काय झालं?"

"काही नाही. महालक्ष्म्या जेवल्या, लोक जेवले. पीक बी बरं आलं." बाहेर पातेलं पडल्याचा मोठा आवाज झाला आणि मुकुंद कुणावर तरी खेकसला. आत्याबाईंनी डोळे मिटले. "वाईट म्हणशील, तर पुढच्या साली हा मुकुंदा झाला. तेवढंच."